सहा किल्ल्यांचं गाव

— अहो नाही, हात नका लावू! एकशे चौदा चाललंय. बॅग हलली की माझा अंगठा सुटतो, आणि अंगठा सुटला की कुठं अडलं ते कळत नाही. बसा तुम्ही. ते स्टूल घ्या, त्यावरची छत्री खाली टाका, कुणाची आहे कोण जाणे, सात वर्षं झाली, कुणी न्यायला आलेलं नाही. हां. एकशे पंधरा... सोळा... फोडून हवी असेल तर आत्ताच सांगा, एक टोला, संपलं. नको ना? मग झालं तर. तीन आकड्यांचं कुलूप म्हणजे हजार नंबर, हजारातला एक तुमचा, तो काही पळून जात नाही कुठं. मी खटका असा एका अंगाला दाबून धरतो, चाकं फिरवत जातो, बरोबर आकडा आला की अंगठ्याला कळतं. वाढदिवस टाकून पाहिलात? स्वतःचा? बायकोचा? — आठवत नाही? हा हा! घरी सांगू नका हे. लग्नाची तारीख? तीही टाकली. बरं, राहू द्या, आपण सरळ रांगेनं जाऊ. सतरा... अठरा... घाई आहे का? चारला पोचायचंय? अहो, मलाही चारलाच पोचायचंय! आत्ता कुठं तीन वाजून दहा मिनिटं होतायत. आणि आज मी इतका खुशीत आहे ना, की तुमच्या जागी कुणी पोतंभर कुलपं आणून ओतली असती तरी मी गुणगुणत उघडली असती.

चारला काय आहे म्हणून विचारा ना! — विचारलंत असं धरतो. आमच्या खोलीमालकांची बैठक. वर, रोपवेच्या तिकीटघरामागं नवा हॉल बांधलाय, तिथं. गावात आजघडीला पाहुण्यांच्या दोनशे बारा खोल्या आहेत, आणि त्या दोनशे बारा खोल्यांची सगळी कुलपं बदलायची, एकदमच, एकाच माणसाकडून — असा ठराव यायचाय. आता तुम्हीच सांगा, गावात कुलूपवाले किती? मी. आणखी कोण? आणखी मीच! अध्यक्षांनी परवा पाठीवर थाप मारली, म्हणाले, तू फक्त वेळेवर ये. वेळेवर! मी सकाळी सहालाच दाढी करून बसलोय. अध्यक्ष म्हणजे आमचा दूधवाला हो. म्हणजे पूर्वीचा. सहा गाई होत्या त्याच्या. गोठा धुतला, चुना मारला, भिंतीला खिडकी पाडली, आता तिथं तीन खोल्या आहेत, ‘निवांत’ अशी पाटी आहे, आणि त्यात उतरलेली माणसं सकाळी उठून त्यालाच विचारतात, इथं ताजं दूध कुठं मिळेल हो? आणि तो त्यांना पिशवी आणून देतो, खालच्या शहरातून येणारी! सरळ चेहऱ्यानं देतो. मी पाहिलंय.

एकशे बेचाळीस... तुम्हाला खोटं वाटेल, पण रोपवे यायच्या आधी या दुकानात महिन्याला तीन किल्ल्या व्हायच्या. तीन! बाकी मग मी छत्र्या दुरुस्त करायचो, स्टोव्ह, टॉर्च, ट्रंकांचे कडीकोयंडे, कुणाच्या शिलाई मशीनचा पट्टा. कुलूप लावणार कोण आणि कुणाला? दाराला कडी घातली की झालं, शेजारीण घरात डोकावून तुमचं उतू जाणारं दूध उतरवून जायची. आणि मग डोंगरावर तारा ओढल्या, तारांना ते लाल डबे लटकले, आणि पहिल्या रविवारी माणसं आली — माणसं म्हणजे काय, रांग! किराणावाल्याचे पाव संपले, मग बिस्किटं संपली, मग काडेपेट्यासुद्धा संपल्या, त्या कशाला नेल्या कुणास ठाऊक. संध्याकाळी एकेक जण विचारायला लागला, राहायची सोय आहे का? आणि त्या दिवशी आमच्या गावाला पहिल्यांदा कळलं की आपल्याकडं खोल्या आहेत. तोवर आम्ही त्यांना घर म्हणत होतो.

मग काय विचारता! ज्यानं त्यानं पुढची खोली रिकामी केली, मग मधली, मग माणसं स्वैपाकघरात आली, म्हातारी माळ्यावर गेली. खोली म्हटली की अनोळखी माणूस आला, अनोळखी माणूस आला की कुलूप आलं, आणि कुलूप आलं की कोण आलं? हे कोण बसलंय तुमच्यासमोर! एका कुलपाला तीन किल्ल्या — एक पाहुण्याला, एक मालकाला, एक पाहुण्यानं हरवली की द्यायला. आणि हरवतात हो, देव त्यांचं भलं करो! डब्यातून खाली वाकून बघतात आणि वरच्या खिशातली किल्ली थेट दरीत. त्या दरीत आता चालताना पायाखाली खळखळ वाजत असेल. मी तर पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी हात जोडायचो, म्हणायचो, अशीच विसराळू माणसं धाडत राहा.

सगळ्यांचेच धंदे पालटले, एकट्या माझाच नाही. शिंपी आता फक्त पडदे शिवतो. पडदे, उशांचे अभ्रे, पलंगपोस. माझ्या या कोटाची बाही बघा, खांद्यात उसवलीय, आठवड्यापूर्वी घेऊन गेलो तर म्हणाला, बाही? बाही कशी लावतात ते आठवावं लागेल! दातांचा डॉक्टर होता एक — तो मालिश करतो, त्याच खुर्चीवर! दाढ दुखली तर तासभर बसनं खाली जायचं, पण पाठ चोळून हवी असेल तर गावात सहा ठिकाणं. मास्तर छत्री उंच धरून लोकांना डोंगराचा इतिहास सांगत फिरतात. आम्हाला शाळेत सांगितला होता त्यापेक्षा हा कितीतरी चांगला आहे, एक राणीही आहे आता त्यात. किराणावाल्यानं पुढच्या फळीवर उन्हाची क्रीमं मांडलीत, काळे चष्मे मांडलेत; डाळ हवी तर वाकून हळूच मागावी लागते, तो इकडंतिकडं बघतो आणि खालून काढून देतो. आणि भाजी! भाजीला दोन भाव. पाच वाजेपर्यंत पाहुण्यांचा, रोपवे बंद झाला की आमचा. त्यामुळं पाचला पाच कमी असताना अख्खं गाव पिशव्या घेऊन भाजीवालीसमोर उभं असतं, आणि सगळे तोंडं फिरवून, आपण जणू डोंगर बघायला आलोय! — हसा, हसा! मीही हसतो. तक्रार नाही करत मी. ज्या गावातून पोरं कामासाठी खाली जायची त्या गावात आता खालची पोरं कामाला येतात. समोरच्या म्हातारबाबांचे दोन्ही मुलगे परत आले. घर भरलं त्यांचं. म्हणजे घर पाहुण्यांनी भरलंय, मुलगे मागं पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात, पण आले ना परत!

आमचं? आमचंही दिलंय की! तुम्ही बसमधून उतरून आलात ना, तेव्हा उजव्या हाताला निळं फाटक दिसलं असेल, वळणावर — ते. अख्खं दिलं, एका एजंटाला, वर्षावर्षाच्या करारानं. आम्ही दोघं इथं वर, पोटमाळ्यावर. ऐका — आत्ता काही वाजलं नाही ना? म्हणजे ही बाहेर गेलीय. ही वर असली की दर अर्ध्या तासानं ठण्ण आवाज येतो, तिचं डोकं तुळईला लागतं. दोन वर्षं झाली, तुळई हलत नाही आणि ही वाकत नाही. ‘मी माझ्या घरात वाकून चालणार नाही,’ म्हणते. मी म्हणतो, अगं, हे घर नाही, दुकानाचा माळा आहे. तर म्हणते, ‘तेच म्हणतेय मी.’ पण करार या महिनाअखेरीला संपतो. आज काम मिळालं की एजंटाला नाही म्हणायचं आणि एक तारखेला सामान उचलून आपल्या घरी. नाही मिळालं तर — नाही, तसं बोलायचंच नाही आज. काल रात्री मला म्हणाली, ‘पहिल्या दिवशी मी नुसती सगळ्या खोल्यांतून ताठ चालणार आहे. स्वैपाक करणार नाही. तुम्ही मागं मागं चहा घेऊन या.’ मी म्हटलं, येतो.

दोनशे साठ... एकसष्ट... आणि बैठकीत आमच्याकडून बोलणार कोण, ठाऊक आहे? मी नाही. मी बोलायला लागलो की पाल्हाळ लावतो असं हिचं म्हणणं आहे, तुम्हाला वाटतं का हो तसं? — ही बोलणार. एकच वाक्य. आठवडाभर पाठ करतेय, चहा गाळताना, कपडे वाळत घालताना, जिन्यावरून उतरताना. ‘या गावात माझ्या नवऱ्यानं कुलपं बसवली, आणि आजतागायत एकाची किल्ली दुसऱ्याला लागलेली नाही.’ बस. एवढं म्हणून खाली बसणार. बैठकीत कधी शब्द न काढलेली बाई! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, ‘दोनशे बारा’ हा आकडा घाल त्यात, वजन येईल. तर म्हणाली, ‘आकडे तुम्ही सांगा, मी खरं ते सांगते.’

विरोध म्हणाल तर एकच. कुणीतरी कंपनी येणार आहे म्हणतात, शहरातून, बिनकिल्लीचं कुलूप दाखवायला. नंबरचं! दाराला बटणं, पाहुण्याच्या फोनवर नंबर पाठवायचा की झालं, किल्ली नको, किल्लीवाला नको. मी अध्यक्षांना म्हटलं, येऊ द्या की! जी किल्ली खिशात हाताला लागते ती ज्यांना सांभाळता येत नाही, ते नंबर सांभाळणार आहेत? आणि योगायोग बघा, आजच्याच दिवशी तुम्ही आलात, स्वतःच्या बॅगेचा स्वतः ठेवलेला नंबर विसरून! अहो, मी तुम्हाला सोडणार नाही आता. बैठकीला घेऊन जातो. पुढं उभं करतो. म्हणतो, मंडळी, हे बघा — चांगला शिकलासवरलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि तीन आकडे लक्षात राहिले नाहीत! बैठक तिथंच संपेल! — लाजताय कशाला? गंमत करतोय मी. घाम पुसा तो. पंखा लावू? तुम्हाला त्रास होणार असेल तर नाही नेत. पण नाव न घेता सांगेन हं, तेवढं मला आवरायचं नाही.

तीनशे नव्वद... काय भरलंय हो एवढं? कपडे? लोखंडाचे शिवता काय! बरं, नाही विचारत. लोकांच्या बंद वस्तूत काय आहे ते विचारायचं नाही, हा धंद्यातला पहिला नियम. दुसरा म्हणजे आपल्या कुलपांबद्दल बोलायचं नाही. तो मी आज मोडणार असं दिसतंय. काय आहे, तुम्ही परगावचे, संध्याकाळच्या बसनं जाणार, परत काही तोंड दाखवणार नाही, आणि मी ती गोष्ट तीन वर्षं पोटात ठेवून ठेवून आता ती आपोआप वर यायला लागलीय. आज तर खुशीत आहे, आज राहणार नाही ती आत. शपथ घाला — नको, शपथ नको, नुसतं हं म्हणा. म्हणालात. सांगतो.

पहिल्या हंगामाची गोष्ट. शुक्रवारपासून पाहुणे येणार, आणि त्याच सोमवारी अख्खं गाव या फळीसमोर उभं — आम्हाला कुलपं दे. मी बारा डझन मागवली. बुधवारी खोकी आली. गोल, पितळी, हातात घेतलं की बरं वाटावं अशी. गुरुवारी सकाळी बसवायला काढली आणि एका कुलपात चुकून दुसऱ्याची किल्ली घातली — फिरली. म्हटलं, असेल एखादं. तिसऱ्यात घातली, नाही. चौथ्यात, नाही. सातव्यात घातली — फिरली! मग मी इथं, जमिनीवर, मांडी घालून, एकशे चव्वेचाळीस कुलपं घेऊन बसलो, आणि दुपारी उलगडा झाला. कुलपं एकशे चव्वेचाळीस, पण किल्ल्यांच्या तऱ्हा फक्त सहा. सहा! एकेक किल्ली चोवीस कुलपांना लागणार! परत पाठवावीत तर शुक्रवार जातो, गावाचा पहिला हंगाम जातो, आणि जन्मात पहिल्यांदा कुणी मला एवढं काम दिलेलं, तेही जातं. मग मी काय केलं असेल? सांगा ना! — अहो, एका घरात सहापेक्षा जास्त खोल्या कुणाच्याच नव्हत्या! प्रत्येक कुलपाच्या बुडाला कानशीनं बारीक खूण केली, एक रेघ, दोन रेघा, सहापर्यंत, आणि एका घरात सगळी वेगवेगळी बसवली. घरातल्या घरात एकाची किल्ली दुसऱ्याला लागणार नाही, छातीठोक! शेजारच्या घरात लागते, पण शेजारच्या घरात जाऊन किल्ली घालून बघतो कोण? काय डोकं चाललं होतं हो माझं त्या दिवशी! स्वतःवर इतका खूश झालो की जेवायचं विसरलो. अजूनही कुणी किल्ली हरवली म्हणून आला तर मला कुलूप बघावंसुद्धा लागत नाही. कुठलं घर? कुठली खोली? तीन रेघा. ही घ्या! लोक म्हणतात, काय याची नजर!

कुणी घालून बघत नाही म्हटलं खरं — आणि घातलीच एकानं! थांबा, हसताना अंगठा सुटतो... पाचशे दोन... एक निवृत्त गृहस्थ होते, डोंगरावरून दमून आले, उन्हानं डोळे दिपलेले, आपलं घर सोडून पुढच्या घरात शिरले. तसाच जिना, तसंच दार, आणि किल्ली — फिरली! आत तोच पडदा, तोच पलंगपोस, कारण शिंप्यानं सगळ्या गावाला एकाच ताग्यातून शिवलं होतं. बूट काढले, आतून कडी घातली, झोपले. तासाभरानं त्या खोलीतले खरे गृहस्थ आले. दार ठोठावलं. आतून — ‘कोण?’ बाहेरून — ‘मी, या खोलीतला!’ आतून — ‘या खोलीतला तर मी आहे!’ अहो, अर्धा तास! मालक आला, मालकीण आली, आतला माणूस कडी काढेना, म्हणे माझ्या खोलीत तुम्हाला काय काम? शेवटी बाहेर आला तो दुसऱ्याच्या चपला घालून. आणि पुढची गंमत ऐका, त्या दोघांची अशी गट्टी जमली की आता दर वर्षी मिळून येतात आणि एकच खोली घेतात!

किल्ली कशी लागली, हे कुणी विचारलं नाही का म्हणता? विचारलं की. मी भिंतीला चिकटून उभा होतो. तर आमची हीच पुढं झाली आणि शिंप्यावर तुटून पडली — सगळ्या गावाला एकच पडदा शिवतोस, माणसानं आपली खोली ओळखायची कशी? आणि मालकाला म्हणाली, तुम्हीच घाईत कुलूप उघडं ठेवलं असणार, माझ्या नवऱ्याच्या कुलपात दुसऱ्याची किल्ली फिरायची नाही! झालं. सगळ्यांना पटलं. शिंप्यानं बिचाऱ्यानं त्या वर्षी निम्म्या गावाचे पडदे स्वतःचं कापड घालून बदलून दिले. म्हणूनच तो माझी ही बाही... नाही, छे, त्याचा काय संबंध, त्याला कुठं काय ठाऊक आहे. मी त्याला काही बोललो नाही. म्हणजे, बोलणार होतो. दोनदा गेलो होतो त्याच्या दारापर्यंत. नंतर त्याची कात्री फुकट धार लावून दिली.

सहाशे... सहाशे किती? तुम्ही लक्ष ठेवलंत का? असो, चाकावर दिसतंय. सहाशे ब्याऐंशी. तर म्हणूनच आजचं काम! नवी कुलपं मी बघून ठेवलीत, एकेक किल्ली वेगळी, प्रत्येक दोनदोनदा तपासून घेणार, या हातानं. ती बसली की जुनी बारा डझन भंगारात, सहा तऱ्हा भंगारात, मी मोकळा. आणि हिचं वाक्य — आज थोडं खोटं आहे, कबूल, पण महिन्याभरात अक्षरन् अक्षर खरं होणार! जरा आधी बोललेलं खरं आहे ते, एवढंच. खोटं नाही म्हणता यायचं त्याला. नाही ना? — मघापासून बघतोय, मी पोट धरून हसतोय आणि तुम्ही नुसते त्या बॅगेकडं बघताय. उघडेल हो! सातशे एक... दोन... ही तर गेलीसुद्धा वर, पुढच्या रांगेत जागा धरायला. जाताना दारात उभी राहून वाक्य म्हणून दाखवलं, आणि मला म्हणाली, ‘कसं वाटतं?’ मी म्हटलं, फर्मास. सातशे तीस... अडतीस... एकोण— हां! लागला! सातशे एकोणचाळीस! बघितलंत? अंगठ्याला काय गोड कळतं ते! आता खटका असा, आणि — उघडली! घ्या, बघू दे तुमचे ते लोखंडाचे कप—

—

ही कुलपं आहेत.

बटणांची.

आणि हा कागद. आमच्या खोलीमालकांच्या संघटनेचा कागद आहे हा. दूधवाल्याची सही आहे खाली. चार वाजता, नव्या हॉलमध्ये, प्रात्यक्षिक. म्हणजे तुम्हीच ती कंपनी.

मघाशीच का नाही सांगितलंत? — हो. हो, कसं सांगणार. नंबरची कुलपं विकायला आलेला माणूस नंबर विसरून किल्लीवाल्याच्या दारात! मीही नसतं सांगितलं. मेलो असतो पण सांगितलं नसतं. आणि मी तुम्हाला म्हणतोय, चला, पुढं उभं करतो! हा हा... थांबा, मला आवरत नाही, मला हसू द्या जरा... बॅग? मी कधी बंद केली? अरे, खरंच की. आकड्यांची चाकंही फिरवलीत वाटतं मी. हात आपोआप गेला हो, मुद्दाम नाही केलं. नंबर माझ्या लक्षात आहे. ओढू नका, देतो.

काय म्हणालात? परत म्हणा. — तुम्ही सहा किल्ल्यांचं बोलणार नाही, मी बॅगेचं बोलायचं नाही. दोघांनी आपापलं कुलूप दाखवायचं, लोकांना पटेल ते पटेल. अहो, चांगलं आहे की हे! सरळ माणूस आहात तुम्ही, दुसऱ्यानं माझा गळाच धरला असता. आणि खरं सांगू, माझंच पारडं जड आहे, गावातला माणूस आहे मी, दूधवाल्यानं थाप मारलीय पाठीवर. एक तारखेला घर! मान्य. हात द्या इकडं. मान्य, मान्य! — नाही, थांबा.

थांबा जरा. ती आधी बोलणार ना. तुमचं प्रात्यक्षिक नंतर. ती उभी राहणार, आपल्या खुर्चीची पाठ घट्ट धरणार, आणि ते वाक्य म्हणणार. आणि तुम्ही मागं बॅग मांडीवर घेऊन बसलेले. तुम्ही काही बोलणार नाही, शब्दाचे पक्के आहात, दिसतंय मला. पण ऐकणार ना तुम्ही? ऐकताना तुम्हाला ठाऊक असणार की ही बाई सगळ्या गावासमोर चुकीचं बोलतेय आणि हिच्या नवऱ्यानं हिला बोलू दिलंय. तीन वर्षं ते एकट्या मला ठाऊक होतं, तेव्हा काही वाटलं नाही हो. गंमत वाटायची. तिनं शिंप्याला झापलं तेव्हाही मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसलो होतो. आता तुम्हाला ठाऊक आहे, आणि आता नाही येत हसू. तुम्हाला तिची कीव येईल. — येईल, तुम्ही चांगले आहात म्हणूनच येईल. तिची कुणी कीव केलेली मला नाही सहन व्हायची.

किती वाजले? पावणेचार! अरे देवा. हे घ्या, सातशे एकोणचाळीस. तळहातावर लिहा, हे पेन, परत विसराल. तुम्ही रस्त्यानं जा, चाकाची बॅग पायऱ्यांवर चढायची नाही, तिकीटघर दिसलं की डावीकडं. मी पायऱ्यांनी जातो. दोनशे ऐंशी पायऱ्या आहेत, या वयात धावलो नाहीये मी कधी, पण ती उभी राहायच्या आत पोचायचंय मला. — काय सांगणार म्हणजे? तुम्हाला सांगितलं तेच. आधी तिला, कानात. मग सगळ्यांना, शिंप्याला पुढं बोलावून. फक्त हसत हसत नाही सांगता यायचं, आणि लवकर उरकेल ते, पाल्हाळ नाही लागायचं. घर? — उठा हो आता, घराचं विचारू नका. नाही, पैसे नकोत, ठेवा ते आत, मला दार लावू द्या. उठा. उठा म्हणतो ना!